एनिडबायचा हरणडोळा

स्नॅग्स्बीच्या शाळेत एनिड गबिन्सनं सत्तावीस वर्षं बटाटे चेचले. त्यामुळं तिचे दंड असे तयार झाले होते, की चिखलात कुणाची गाडी रुतली तर लोक आधी एनिडबायला हाक मारत, आणि ती घरी नसली तर ट्रॅक्टरला. आवाजाचंही तसंच. एका हिवाळ्यात चर्चच्या घंटेचा दोर तुटला, तेव्हा पाद्रीबाबांनी दोन रविवार तिलाच फाटकात उभं केलं. "चला रं, देव वाट बघतोय!" एवढंच ती ओरडली, आणि वर्षानुवर्षं चर्चची पायरी न चढलेले बाप्येसुद्धा गालावरचा साबण पुसत हजर झाले.

तिचा नवरा वॉल्टर रस्त्याच्या कामावर होता. तो दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन डुकरिणीशी. डुकरिणीचं नाव डचेस. गाव म्हणायचं, घरातले सगळे शब्द बायकोनंच वापरून टाकले तर त्यानं बिचाऱ्यानं काय करावं?

बाईला एकच खूळ होतं, झाडं लावायचं. तेही चारचौघींसारखं गुलाबाचं नव्हे. "गुलाब म्हंजे काय, काट्याला आलेलं फूल. तेवढ्यापायी कोण कंबर मोडंल?" असं म्हणून ती हॉर्स चेस्टनट लावायची. शाळेच्या फाटकाजवळचं तिच्याच हातचं. 'नांगर' गुत्त्यामागचंही तिचंच. पान गळलं की या झाडाच्या फांदीवर घोड्याच्या नालासारखी खूण उरते, अगदी खिळ्यांच्या भोकांसकट. ती दाखवून तिनं शाळेतल्या तीन पिढ्यांना सांगितलं होतं, की रात्री घोडी झाडावर चढतात. पहिल्या पिढीतले काही जण अजून ते खरं मानत.

या झाडाची बी खायला नालायक. पण तांबूस, चकचकीत, मुठीत धरली की सोडवत नाही. तिला सगळे कॉंकर म्हणतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी गुत्त्यापुढच्या हिरवळीवर या कॉंकरांची लढाई लागते. भोक पाडून बी बुटाच्या नाडीत ओवायची, एकानं ती लोंबती धरायची, दुसऱ्यानं आपली तिच्यावर हाणायची. प्रत्येकाला तीन-तीन टोले, आळीपाळीनं. फुटेल तो हरला. आणि जिंकणाऱ्याला हरणाऱ्याच्या कॉंकरचे सगळे जुने विजयही मिळतात. त्यामुळं एखादी बी वर्षानुवर्षं मोज्यात जपून 'एकोणिसाची', म्हणजे एकोणीस विजयांची होते आणि तिचा मालक गावातनं छाती काढून फिरतो.

तसा एकोणिसाचा मालक म्हणजे एनिडबायचा शेजारी, क्लॅरन्स हॉब्ले. एके काळचा पोस्टमन. आता लीक पिकवायचा. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. पण क्लॅरन्सचे लीक माणसाच्या पोटरीएवढे व्हायचे, आणि तो त्यांना रोज नावानं हाका मारायचा. वाफा अगदी कुंपणाला लागून. आणि कुंपणाच्या अलीकडं, एनिडबायच्या बाजूला, ते झाड.

त्या झाडाची गोष्ट अशी. एनिडबायची धाकटी बहीण डॅफ्नी. महायुद्धात आलेल्या एका अमेरिकन शिपायाचा हात धरून ती ओहायोला गेली. तिकडनं तिनं पत्र धाडलं, की आपल्या हॉर्स चेस्टनटचं चुलत भावंड इथं रानोमाळ आहे, बी जरा लहान, हरणाच्या डोळ्यासारखी, म्हणून तिला बकआय म्हणतात. एक खिशात ठेव, सांधे दुखत नाहीत. सोबत दहा बिया.

"सांधं कुठं दुखत्यात माझं?" म्हणून एनिडबायनं त्या दहाही मातीत पुरल्या. एक उगवली नाही. या बीचं असं असतं, की झाडावरनं पडली की चार दिसांत मातीत गेली पाहिजे. सुकली की मेली. या तर बोटीतनं दीड महिना सुकत आल्या होत्या. मग तिनं बहिणीला पत्रानंच फैलावर घेतलं, आणि पुढच्या साली तंबाखूच्या डब्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या चार आल्या. दोन उंदरांनी नेल्या. एकीवर वॉल्टरचा पाय पडला. चौथीवर तिनं तारेची जाळी ठोकली, थंडीभर बर्फ खाऊ दिलं, कारण थंडी खाल्ल्याशिवाय ही बी डोळा उघडत नाही, आणि एप्रिलात मातीतनं वाकडं बोट वर आलं. बोटाएवढ्या झाडाची सावली कुणाला दिसते? तिला दिसली नाही आणि क्लॅरन्सलाही दिसली नाही.

सोळा वर्षांनी दिसली. तीन वाजले की क्लॅरन्सच्या वाफ्यात संध्याकाळ व्हायची. वर त्या झाडाचं पान चुरगळलं की चार दिवस न धुतलेल्या मोज्यासारखा वास सुटायचा. आणि फुलं येऊनही सोळा वर्षांत एक बोंड धरलं नव्हतं.

मे महिन्यातली गोष्ट. 'नांगर'मध्ये सगळे पेले घेऊन बसलेले. क्लॅरन्स दारातनंच सुरू झाला.

"एनिड, तुझ्या त्या परदेशी झाडानं माझं ऊन खाल्लं!"

"मग तुझे लीक लवकर झोपवत जा की. वाढत्या लेकराला झोप बरी."

"हसू नका रं! मागल्या प्रदर्शनात तिसरा आलो मी. तिसरा! त्या टकल्या न्हाव्यानं मला मागं टाकलं. लोकाचं डोकं सपाट करणारा माणूस, आणि लीक माझ्यापेक्षा जाड!" त्यानं पेला आपटला. "आणि कशापायी? सोळा वर्षांत एक बी न्हाय. झाड हाय का तारेचा खांब? कॉंकर न देणारं झाड म्हंजे गवत. उपटायचं!"

झाडाला गवत म्हटल्यावर एनिडबाय उठली. ती उठली की बाकावरचे दोघं तिघं आपोआप वर व्हायचे.

"ऐक, क्लॅरन्स. येत्या ऑक्टोबरात याच झाडाची बी आणते आणि तुझ्या त्या एकोणिसाच्या म्हाताऱ्याचा भुगा करते."

"आणि न्हाय झाला तर?"

"न्हाय झाला, तर सोमवारी सकाळी वॉल्टर करवत लावंल."

वॉल्टरचा पेला तोंडाशी जाता जाता हवेतच थांबला.

"आणि झाला," ती म्हणाली, "तर जिवात जीव हाय तवर झाडाइरुद्ध तुझ्या तोंडातनं वावगा शब्द निघायचा न्हाय."

"एक शब्द न्हाय! त्या झाडाची कसली का बी असंना, आण. लिंबाएवढी आण न्हायतर वाटाण्याएवढी!"

सगळ्यांनी टेबलं बडवली. घरी जाताना वॉल्टरनं दिवसाचे उरलेले दोन शब्द खर्चले. "बी कुठाय?"

"यील," एनिडबाय म्हणाली. पण सकाळी झाडाखाली उभी राहिली तेव्हा आपण काय बोलून बसलो ते तिच्या टाळक्यात शिरलं. तिची दोन पोरं लिव्हरपूलला होती. त्यांची उंची तिनं जन्मात कधी मोजली नव्हती. या झाडाची मात्र दर एप्रिलला मोजायची. आधी गुडघ्याशी, मग कमरेशी, मग शिडीवरनं, आणि आता वर बघून नुसता अंदाज.

"ह्ये बघ," ती झाडाला म्हणाली, "सोळा वर्षं फुकट ऱ्हायलास. आता भाडं दे."

आणि झाडाच्या भरवशावर राहणारी ती नव्हती. केकवर लोणी फासायचा ब्रश घेऊन ती शिडीवर चढली आणि एका तुऱ्यावरचे पराग दुसऱ्या तुऱ्यावर फासायला लागली. मधमाशीचं काम, पण मधमाशी नव्वद किलोची. शिडी कुरकुरत होती, वॉल्टर खालनं शिडी धरून डोळे मिटून उभा होता, आणि कुंपणापलीकडनं क्लॅरन्स गुणगुण करत होता.

"गुंई गुंई! राणीमाशी, मध कवा काढायचा गं?"

"तुझ्या कानात पोळं घालते, मग काढ!"

पण लागू पडलं. ऑगस्टात तिनं मोजली, पाच बोंडं! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ती ओरडली, "पाच!" तेव्हा दुधवाल्याला वाटलं पाच बाटल्या पाहिजेत, आणि त्यानं ठेवल्याही.

सप्टेंबरात खारीनं दोन नेली. एनिडबाय चपला फेकत झाडाभोवती तीन चकरा धावली; खार फांदीवर बसून तिच्याकडं बघत दुसरं बोंड सोलत राहिली. मग बाईनं घरात जाऊन आपले नायलॉनचे लांब मोजे आणले, आणि उरलेल्या तीन बोंडांवर एकेक मोजा चढवून घट्ट गाठ मारली. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव कुंपणाशी. झाडावरनं तीन पाय लोंबत होते.

"पाद्रीबाबांना बोलवा," क्लॅरन्स म्हणाला, "झाडाला पाय फुटले. आता चालत चालत अमेरिकेला जातंय बघा!"

"जाताना तुझ्या वाफ्यावरनं जाईल."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बोंडं उकलली. प्रत्येकात एकच बी, पिवळट डाग असलेली काळसर, खरंच हरणाच्या डोळ्यासारखी. एनिडबायनं तिन्ही पाण्यात सोडल्या. एक तरंगली. तरंगली म्हणजे आतनं पोकळ. राहिल्या दोन. वॉल्टरनं मोच्याची आरी घेऊन पहिलीला भोक पाडायला घेतलं, आणि नेमकं तेव्हाच एनिडबायनं, "सांभाळून!" अशी आरोळी ठोकली. वॉल्टर दचकला, आरी घसरली, बीचे दोन तुकडे.

दोघंही तुकड्यांवर वाकली.

"तू वरडलीस," वॉल्टर म्हणाला.

"तू दचकलास!"

राहिली एक. गुरुवार होता, रविवारी लढाई. ती एक बी एनिडबायनं ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि दर चार पावलांवर चाचपत राहिली. संध्याकाळी खरकट्याची बादली घेऊन डचेसला घालायला गेली. वाकली. खिशातनं काहीतरी निसटलं. बटाट्याच्या सालांत बुडुक झालं. ती हात घालायच्या आत डचेसनं थोबाड घातलं, आणि डुकरीण भुकेली असली की चावत नाही, नुसती ओढून घेते.

"गिळलं," वॉल्टर म्हणाला.

एनिडबाय खाली बसली. कच्चा कॉंकर जनावराला बाधतो हे तिला ठाऊक होतं, तेव्हा आधी डचेसची काळजी. पण डुकरीण तिच्याकडं बघून समाधानानं ढेकर देत होती. मग करवतीची काळजी. मग बाई उठली, सैपाकघरातनं मोठी चाळणी आणली आणि बाही वर केली.

"आत गेलंय ते भाईर येणारच. सत्तावीस वर्षं पोरांना आलुबुखारे शिजवून घातलेत मी. मला शिकवू नका."

तिला कुणी काही शिकवतच नव्हतं. तिनं झाडाखाली पडून आंबलेले आलुबुखारे दोन बादल्या डचेसपुढं ओतले. शुक्रवारी डुकरीण झिंगल्यासारखी डोलत वाड्यात फिरत होती, आणि तिच्या मागं चाळणी घेऊन एनिडबाय, तिच्या मागं दाताळं घेऊन वॉल्टर. बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले. कुणी चहा आणला, कुणी डुकराचंच मांस भरलेली रोटी. ती मात्र डचेसकडं पाठ करून खाल्ली.

"काय एनिड," क्लॅरन्स कुंपणावर रेलून म्हणाला, "सैपाक कुठवर आला?"

"वासावर आलाय. तुला पहिलं ताट."

"रविवार परवाच हाय बरं."

"आणि तू आज मरतोस का बघ!"

शनिवार गेला. चहाची वेळ झाली तरी काही नाही. एनिडबायचं बोलणं पहिल्यांदाच कमी झालं, तेव्हा लोक घाबरले. तिनं झाडाकडं बघितलंसुद्धा नाही. वॉल्टरनं न सांगता शेडमधली करवत काढून दुसऱ्या कोपऱ्यात, पोत्यांमागं ठेवली. आणि तेवढ्यात डचेस थांबली. मागचे पाय फाकवले. विचारात पडल्यासारखी आभाळाकडं बघायला लागली.

चाळणीत ठण्ण झालं.

त्या आवाजाला काय जल्लोष झाला! टोप्या उडाल्या, चहा सांडला. गुत्त्याची मालकीण वॉल्टरच्या गळ्यात पडली, आणि वॉल्टरनं तिला, काय बोलावं न सुचून, दाताळं दिलं. एनिडबायनं सात पाण्यानं बी धुतली, आठव्या पाण्यात साबण घातला. बी काळी पडली होती, आणि हाडासारखी टणक. आरी घेताना वॉल्टर म्हणाला, "भाईर जा." ती बाहेर जाऊन अंगणात तोंडावर हात धरून उभी राहिली. भोक सरळ पडलं.

रविवारी हिरवळीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. पंच पाद्रीबाबा. मागं नियमांची पाटी. क्लॅरन्सनं एकोणिसाचा कॉंकर रेशमी रुमालातनं काढला, एनिडबायनं आपला नाडीला लोंबता धरला. जणू बटाट्यापुढं वाटाणा. क्लॅरन्सनं नाक पुढं केलं, मागं घेतलं.

"पाद्रीबाबा, माझी हरकत हाय. ही बी डुकराच्या पोटातनं आलीय. आत भट्टी असती भट्टी! भाजलेलं चालत न्हाय."

पाद्रीबाबांनी चष्मा लावला आणि पाटी मोठ्यानं वाचली. "कॉंकर भाजू नये. व्हिनेगरमध्ये घालू नये. नखांचं पॉलिश लावू नये." मग त्यांनी पुन्हा एकदा वाचली, जणू डुक्कर कुठं तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असेल. मागं जाऊन पाटीची दुसरी बाजूही बघितली.

"क्लॅरन्स," ते म्हणाले, "डुकराचा उल्लेख नाही."

"पण नियमाचा अर्थ—"

"माणसानं काही करू नये, हा अर्थ. या बीला माणसानं गिळलं का?"

"न्हाय."

"गिळलं असतं तर मी विचार केला असता. खेळा."

पहिले तीन टोले एनिडबायचे. पहिला हवेत गेला. दुसरा क्लॅरन्सच्या बोटांवर बसला. "आई गं!" तो उड्या मारायला लागला. तिसराही बोटांवरच.

"मुद्दाम मारतीय ही!"

"बोट बाजूला ठिवायला शीक. तेवीस वर्षं पत्रं टाकताना कुत्र्यापासनं वाचवलंस की!"

मग क्लॅरन्सचे तीन. त्याचा हात बसलेला. ठाक! एनिडबायची बी गिरकी घेऊन परत आपल्या जागी. ठाक! लोक पुढं सरकले. एनिडबायला आपल्या मागं, चार घरं पलीकडं, ते झाड उभं असल्याचं अंगावर जाणवत होतं. क्लॅरन्सनं शर्टाची बाही सरकवली, जीभ दाताखाली धरली, आणि सोळा वर्षांची सावली मनगटात गोळा करून तिसरा टोला हाणला.

फाट्‍कन आवाज झाला. तुकडे उडाले. एक पाद्रीबाबांच्या कॉलरमध्ये गेला, एक कुणाच्या तरी बिअरमध्ये.

एनिडबायनं डोळे घट्ट मिटले होते. मग तिनं हळूच एक उघडला. तिच्या नाडीला बी तशीच लोंबत होती. क्लॅरन्सच्या हातात नुसती नाडी.

"मी हाणलं," क्लॅरन्स पुटपुटला. "तिनं न्हाय. मीच हाणलं की."

"दगडावर कपाळ आपटलं तरी फुटतं ते कपाळच," पाद्रीबाबा म्हणाले. "एनिड गबिन्सची बी, विसाची!"

मग काय विचारता! पुढचे दोन तास गावाला कुणी आवरू शकलं नाही. त्या हिवाळ्यात गावात पाच नवी डुकरं आली, आणि पाटीवर चौथी ओळ रंगवावी लागली.

क्लॅरन्स शब्दाचा पक्का निघाला. वसंतात झाडाला पानं फुटली, तीन वाजता वाफ्यात संध्याकाळ झाली, आणि तो कुंपणाशी येऊन लालबुंद तोंडानं उभा राहिला. बोलायला तोंड उघडी, मिटी. मांजराच्या घशात केस अडकल्यासारखं त्याचं व्हायचं. शेवटी आठव्या दिवशी त्याला वाट सापडली.

"एनिड! काय गं सुंदर सावली तुझ्या झाडाची! इतकी दाट, इतकी गार, की माझे लीक दोऱ्यासारखे बारीक झालेत. सुईत ओवता येतील. फार छान!"

"थँक्यू, क्लॅरन्स."

"आणि वास! काय सुवास! काल मांजर मूर्च्छा येऊन पडलं. इतकं गोड!"

एनिडबायनं पाद्रीबाबांना विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं, की स्तुती ती स्तुती, मग ती दात ओठ खाऊन केलेली का असेना. तेव्हापासून क्लॅरन्स दररोज चहाच्या वेळी येऊन झाडाची स्तुती करतो, आणि एनिडबाय खुर्ची टाकून ती ऐकते. पुढच्या ऑक्टोबरात झाडानं टोपलीभर बिया दिल्या. एनिडबाय फावडं घेऊन निघाली आणि कुंपणाला लागूनच दुसरा खड्डा काढायला लागली.

क्लॅरन्स बघत राहिला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, मिशा थरथरल्या.

"दुसरं?" तो कसाबसा म्हणाला.

"दुसरं."

"तिथंच?"

"तिथंच. का रं, काय वावगं बोलायचंय?"

त्यानं डोळे मिटले, लांब श्वास घेतला, आणि त्याच्या दातांच्या फटीतनं शब्द बाहेर आले: "जरा... जरा डावीकडं घे, एनिड. तिथं त्याला... लई... छान... ऊन मिळंल."

आणि तिनं घेतला डावीकडं. अगदी वीतभर.